पोकळ मुठीतला थेंब

कल्पना कर. डोळे मिट असं म्हणणार होतो, पण डोळे मिटून वाचायचं कसं, हे तू लगेच विचारशील. तेव्हा डोळे उघडेच राहू देत, मनानं बघ.

एका घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली आहे. तिला खिडकी नाही, फक्त छताजवळ जाळी आहे. आत एक लोखंडी कपाट, एक मोरी, खुंटीवर रबरी हातमोजे आणि नाकातोंडावर बांधायचा मुखवटा, कोपऱ्यात पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप. बाहेर दारावर लाल रंगात एकच शब्द लिहिलाय : विष. दाराला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली स्वयंपाकघरात, दाराआडच्या खिळ्याला टांगलेली आहे. तो खिळा नीट बघून ठेव. आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

त्या घरात माणसं दोनच. एक आई आणि दुसरी तिची दहा वर्षांची लेक. लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती उभी असली तरी तिचा एक पाय हलत असे, आणि पाय थांबला तर तोंड सुरू होई.

आई लोकांच्या फळबागांवर औषध फवारायची. आपण त्याला औषध म्हणतो खरं, पण ते कुणाला बरं करत नाही, किडीला मारतं. म्हणून ते कुणीही उठून मारू शकत नाही. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, परवाना काढावा लागतो. आईचा परवाना बैठकीच्या खोलीत, काचेच्या चौकटीत लावलेला होता. तिच्या लग्नाचा फोटो बाजूला सरकवून तिनं तो तिथं लावला होता, यावरून काय ते समज.

परवान्याबरोबर नियम येतात. त्यातला एक रिकाम्या कॅनचा. कॅन संपला की तो तिथल्या तिथे तीनदा खंगाळायचा. खंगाळलेलं पाणी जमिनीवर फेकायचं नाही, पंपातच ओतायचं. आणि लगेच, त्याच जागी, कॅनच्या बुडाला टोच्यानं भोक पाडायचं.

आई पहिली दोन्ही कामं चोख करायची. तिसरं काम मात्र ती शनिवारवर टाकायची. दिवसभर पाठीवर पंप घेऊन आलेल्या माणसाला हातोडी आणि टोच्या घेऊन पुन्हा वाकायचं जिवावर येतं. म्हणून आठवडाभराचे कॅन कपाटाशेजारी ओळीनं मांडून ठेवायचे आणि शनिवारी सकाळी ठकठक, ठकठक, सगळ्यांना एकदम भोकं. सहा वर्षं असं चाललं होतं आणि सहा वर्षं काही बिघडलं नव्हतं.

एका शनिवारी उंबऱ्याबाहेर उभं राहून भिंगरीनं विचारलं होतं, "आई, धुतलेल्या कॅनला भोक कशाला? एवढा चांगला कॅन वाया!"

"नियम आहे."

"पण का?"

"तुझं 'का' मला संध्याकाळी विचार. आत्ता माझे हात गुंतलेत."

"संध्याकाळी तू म्हणशील, पाठ मोडलीय."

"मग उद्या विचार."

"उद्या तू म्हणशील, आज रविवार आहे."

आईला हसू आलं. हसण्यात उत्तर राहून गेलं.

आता कुंपणाच्या पलीकडे बघ. तिथे मधवाले आजोबा राहायचे. नात्यानं ते भिंगरीचे कुणी नव्हते, पण दिवसातून दोनदा ती त्यांच्याकडे असायची. त्यांच्या अंगणात झाडांखाली मधमाश्यांच्या बावीस लाकडी पेट्या होत्या. एका पेटीत तीस-चाळीस हजार माश्या. बावीस पेट्यांचा हिशेब तू कर, माझी बोटं संपली. भिंगरी पेटीच्या मागच्या बाजूला कान लावायची. आतून असा आवाज यायचा, जणू खूप लांब कुठेतरी हजारो माणसं तोंड मिटून एकच सूर लावून बसलीयेत. तो आवाज कानातून छातीत उतरायचा. अशा वेळी तिचा पायसुद्धा हलायचा थांबायचा.

"एक माशी आयुष्यभर राबते तेव्हा पाव चमचाही मध होत नाही," आजोबा सांगायचे. "आणि तू परवा तीन चमचे चाटलास."

"चाटलास नाही आजोबा, चाटलेस. चमचे तीन होते ना—"

"बरं बाई, चाटलास की चाटलेस, मध गेला तो गेलाच!"

माश्यांना पाणी लागतं, हे तुला माहीत होतं? कडक उन्हाळ्यात त्या पाणी आणून पेटीत शिंपडतात आणि पंखांनी वारा घालून घर गार करतात. त्यांच्यासाठी आजोबा एका पसरट थाळीत खडे मांडून पाणी ठेवायचे. खडे अशासाठी, की माशीला बसायला जागा हवी, नाहीतर ती बुडते. पण ऊन असं, की दोन तासांत थाळी कोरडी. आजोबांचा डावा गुडघा कामातून गेलेला. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात मग घेऊन ते नळापासून थाळीपर्यंत जायचे, आणि पोचेपर्यंत निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर असायचं.

भिंगरी हे रोज बघत होती. आणि तिला युक्ती सुचली.

तो गुरुवार होता. आई बागेवर गेली होती. भिंगरीनं स्टुलावर चढून खिळ्यावरची किल्ली काढली, पत्र्याची खोली उघडली आणि ओळीतला सगळ्यात देखणा कॅन उचलला. निळा, पाच लिटरचा, वर धरायला जाड मूठ. खोली पुन्हा बंद केली, किल्ली जागेवर टांगली. आईनं तीनदा खंगाळला होता, तरी तिनं अंगणातल्या नळावर साबण लावून आणखी तीनदा धुतला. मग नाक घालून वास घेतला. कसलाच वास नव्हता. त्यावरची चकचकीत पट्टी तिला आवडली, म्हणून ती नखानं अलगद सोडवून तिनं वहीत चिकटवली.

मधवाले आजोबा दुपारी झोपत. तेवढ्या वेळात तिनं कॅन पाण्यानं भरला, थाळीवरच्या फांदीला कापडाच्या चिंधीनं आडवा बांधला आणि झाकण थोडंसं सैल केलं. टप. थोड्या वेळानं पुन्हा टप. थाळी भरलेली राहू लागली. पहिली माशी खड्यावर उतरली, तिनं सोंड पाण्याला लावली, आणि भिंगरी आनंदानं दोन्ही हात तोंडावर धरून घरी पळाली. हे कुणी केलं ते आजोबांना सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं. त्यांचं त्यांना नवल वाटू दे.

नवल त्यांना वाटलं. संध्याकाळी ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "माझा पुतण्या सुधारलेला दिसतो. न सांगता कामाची गोष्ट करून गेला!" भिंगरीनं ओठ घट्ट मिटले आणि गालांत हसली.

शुक्रवारी दुपारी शाळेतून आल्याआल्या ती पलीकडे धावली, आणि अंगणाच्या तोंडाशीच थबकली.

आवाज नव्हता.

आवाज नसणं एवढं मोठं असू शकतं, हे तिला ठाऊक नव्हतं. पानं हलत होती, लांब कुठेतरी गाडी गेली, पण ज्या सुरावर ते सगळं अंगण उभं होतं, तो सूरच कुणीतरी काढून नेला होता. पेट्यांसमोरची जमीन तपकिरी झाली होती. ती जवळ गेली तेव्हा कळलं, की ती जमीन नाही, माश्या आहेत. हजारो. काही उताण्या पडून पाय झाडत होत्या, काही एका जागी गरगर फिरत होत्या, आणि सगळ्यांच्या सोंडा बाहेर लोंबत होत्या. पेटीच्या दारात एक माशी दुसऱ्या मेलेल्या माशीला ओढत बाहेर आणत होती. तिनं तिला काठावरून खाली ढकललं आणि पुढची आणायला ती आत वळली. पण दारातच तिचे पाय थरथरायला लागले.

मधवाले आजोबा स्टुलावर बसले होते. काठी जमिनीवर पडलेली. "सतरा पेट्या," ते म्हणाले, पण भिंगरीला नाही, कुणालाच नाही. "मागच्या पाच तेवढ्या बोलतायत. त्या ओढ्यावर जातात पाण्याला."

भिंगरीनं थाळीकडे बघितलं. वर निळा कॅन होता. टप.

तिला कळलं. तुला कळलं ना, तसंच, एका क्षणात. ती मागच्या मागे घरी गेली आणि पलंगाखाली जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी कृषी खात्याचे तपासनीस आले. उंच, सडपातळ, खिशाला तीन पेनं. ते मोठ्यानं बोलत नव्हते, घाई करत नव्हते. हातमोजे घालून त्यांनी चिमट्यानं माश्या उचलून काचेच्या बरणीत घातल्या. थाळीतलं पाणी तीन सारख्या बाटल्यांत भरलं, प्रत्येकीला दोरा बांधला, दोऱ्यावर लाख वितळवून ओतली आणि लाखेवर शिक्का दाबला.

"तीन कशाला?" आजोबांनी विचारलं.

"एक प्रयोगशाळेला, एक न्यायालयाला. आणि एक ज्याच्यावर आरोप येईल त्याला. आमचं चुकलं असेल तर त्यालाही तपासून घेता यावं."

कुंपणाच्या फटीतून भिंगरी बघत होती. ज्याच्यावर रागवायचं त्याच्याच हातात एक बाटली द्यायची, हे तिला फार अजब वाटलं.

मग तपासनिसांनी कॅन सोडवला, उलटा केला आणि बुडाशी बोट फिरवलं. तिथे प्लॅस्टिकमध्येच उठवलेले बारीक आकडे होते. भिंगरीनं कॅन एवढा धुतला होता, पण ते तिला दिसलेच नव्हते. तपासनिसांनी आकडे वाचून फोन केला. कारखान्यातून कोणत्या दुकानात, दुकानातून कोणाच्या परवान्यावर. चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं.

ते उठले, कुंपणाला वळसा घालून आले आणि भिंगरीच्या आईचं दार त्यांनी वाजवलं.

आई गोंधळली, पण घाबरली नाही. तिनं स्वयंपाकघरातून किल्ली आणली, खोली उघडली. तपासनिसांनी औषधाच्या नोंदींची वही मागितली, ओळीतले कॅन मोजले.

"वहीत नऊ. इथे आठ. आणि आठांपैकी एकालाही भोक नाही."

"शनिवारी पाडते. आज शनिवारच आहे, साहेब. आत्ता पाडणारच होते."

"नियमात शनिवार कुठे लिहिलाय?"

आईनं टोच्याकडे नेलेला हात मागे घेतला.

"नववा कॅन शेजारच्या झाडाला बांधलेला सापडला," तपासनीस म्हणाले. "तो तिथे कसा गेला?"

आईनं कुलपाकडे बघितलं. ते फोडलेलं नव्हतं. मग तिची नजर हातातल्या किल्लीवर आली, किल्लीवरून स्वयंपाकघरातल्या खिळ्याकडे गेली, आणि खिळ्याखाली सरकवून ठेवलेल्या स्टुलावर थांबली. स्टूल तिथे कधी नसायचं. शेवटी तिनं भिंगरीकडे बघितलं. भिंगरीचे दोन्ही पाय जमिनीला चिकटले होते.

आईनं तिला काहीच विचारलं नाही.

"बाई, नीट ऐका," तपासनीस म्हणाले. "कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा कॅन तुम्ही जाणूनबुजून कुणाला दिला असेल, तर परवाना कायमचा रद्द, आणि तुरुंगही होऊ शकतो. उद्या त्यात माणूस पाणी पितो, म्हणून एवढं कडक. आणि कॅन भोक न पाडता, हाताशी येईल असा ठेवला आणि कुणी नेला, तर तो निष्काळजीपणा. परवाना काही काळ स्थगित, दंड, नुकसानभरपाई. दोन्ही गुन्हेच, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. तुमचं काय लिहू?"

"सुनावणीला सांगते," आई म्हणाली.

सुनावणीला तीन आठवडे होते. आईनं त्या तीन आठवड्यांत भिंगरीच्या वेण्या घातल्या, डबा भरला, पाढे घेतले. कॅनचा विषय काढला नाही. आई रागावली असती तर बरं झालं असतं, असं भिंगरीला रोज वाटे.

एक दिवस कपडे वाळत घालताना आई कुंपणापाशी उभी राहिली. चादरीच्या अलीकडे भिंगरी होती, हे तिला दिसलं नाही.

"बाई, तू मला कॅन दिला नाहीस हे मला ठाऊक आहे," मधवाले आजोबा म्हणत होते. "पुतण्यानंही नाही दिला. मी विचारलं."

"मीच दिला असं समजा."

"समजा म्हणजे? तुरुंगात जाशील!"

"जाईन. पण कुणाचं नाव कागदावर चढलं की पुसत नाही. पोरं उद्या तिला—" आई थांबली. "कुणाला तरी माश्या मारणारी म्हणतील, जन्मभर."

आजोबांनी काठी कुंपणाला टेकवली. मग म्हणाले, "खोटं बोलायला चेहरा लागतो. तुझा तसा नाही."

"तीन आठवडे आहेत. करते तयारी."

ओल्या चादरीमागे भिंगरी उभीच राहिली. त्या दिवशी तिनं वही उघडली, चिकटवलेली पट्टी पहिल्यांदा नीट वाचली. अक्षरं मुंगीएवढी होती. 'मधमाश्यांना अत्यंत घातक. रिकामा डबा कोणत्याही कामासाठी पुन्हा वापरू नये.' दोन ओळी. नखानं सोडवताना त्या तिच्या अंगठ्याखालीच होत्या.

सुनावणीची खोली उंच होती. वर पंखा फिरत होता, पण वारा खाली पोचत नव्हता. लाकडी बाकं, मधे कठडा, आणि समोर चौथऱ्यावर न्यायाधीशबाई, पिकलेल्या केसांच्या, जाड काचांचा चष्मा लावलेल्या. त्यांच्यासमोर टेबलावर तो निळा कॅन ठेवला होता. गळ्यात दोरा, दोऱ्याला लाख, लाखेवर शिक्का. एवढ्या मोठ्या खोलीतली सगळी माणसं एका रिकाम्या कॅनभोवती उठून उभी राहिली, हे बघून भिंगरीनं वही छातीशी घट्ट धरली.

तपासनिसांनी अहवाल वाचला. मग शिक्का मोडून कॅन हातात घेतला. "प्रयोगशाळेनं याची मूठ कापली. इथे बघा." मूठ आतून पोकळ होती. "कॅन उभा धरून कितीही खंगाळला, तरी या कोपऱ्यात पाणी फिरत नाही. इथे औषधाचा एक थेंब अडकून बसला होता. मोहरीच्या दोन दाण्यांएवढा. कॅन आडवा टांगला, मूठ पाण्यात बुडाली, आणि तो थेंब हळूहळू सुटत राहिला."

"दोन दाण्यांएवढा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आणि त्यात किती माश्या मरू शकतात?"

"दहा लाखांवर, बाई. नेमका आकडा अहवालात आहे."

भिंगरीला वास घेतलेला आठवला. कसलाच वास नव्हता. दहा लाख मरणं तिच्या नाकाशी येऊन बसली होती, आणि त्यांना वास नव्हता.

न्यायाधीशबाईंनी आईकडे वळून विचारलं, "हा कॅन तुमच्या खोलीतून शेजारी कसा गेला?"

आई उठली. पदर सारखा केला. कठड्यावर हात ठेवला.

"मी," ती म्हणाली. "मीच तो—"

"आई, नको!"

सगळी बाकं वळली. भिंगरी बाकावर उभी होती, छातीशी वही धरून.

"खाली बस," आई पुटपुटली. "बस म्हणते ना!"

"तो मी नेला. आईनं नाही दिला कुणाला. आजोबांचा गुडघा दुखतो, म्हणून मी नेला."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आईला वाचवायला बोलतेयस का तू? मुलं तसं करतात. आयाही करतात." आणि त्यांनी आईकडे असं काही बघितलं, की आईची मान खाली गेली.

भिंगरी कठड्यापाशी गेली आणि वही वर केली. तपासनिसांनी ती घेऊन उघडली. चिकटवलेली पट्टी त्यांनी कॅनवरच्या खरवडलेल्या जागेशी धरली. कोपऱ्यात पट्टीचा एक तुकडा कॅनलाच राहून गेला होता. वहीतली फाटकी कड त्या तुकड्याला तंतोतंत जुळली.

मागच्या बाकावर मधवाले आजोबा होते. भिंगरीला वळून त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

"मी साबणानं धुतला होता," ती म्हणाली, आणि इथे तिला रडू फुटलं. "तीनदा. आईनं तीनदा आणि मी तीनदा. मी चांगलाच धुतला होता."

"धुतलास," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. "चांगला कॅन वाया जाऊ नये, असं चांगल्या माणसालाच वाटतं. पाणी भरावं, कुणाची तरी तहान भागवावी, हेही त्यालाच सुचतं. ते भोक तुझ्यासारख्या माणसासाठी पाडायचं असतं, बाळ. त्या कॅननं पुन्हा कधी पाणी धरूच नये, म्हणून."

शनिवारी उंबऱ्यावर अडकलेल्या 'का'चं उत्तर असं आलं. आईनं डोळे मिटून घेतले.

मग न्यायाधीशबाईंनी निकाल सांगितला. मुलीला शिक्षा नाही, तिचं नाव निकालात येणार नाही. पण किल्ली जिच्या ताब्यात, जबाबदारी तिची. भोक लगेच पाडायचं होतं, ते शनिवारवर टाकलं. किल्ली मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवली. कॅन कुणाला दिला नाही, हे सिद्ध झालं, म्हणून परवाना रद्द नाही. एक हंगाम स्थगित. दंड, आणि सतरा पेट्या पुन्हा माश्यांसकट उभ्या करून देणं.

"मान्य आहे?"

"मान्य आहे," आई म्हणाली. आणि या वेळी तिचा चेहरा शब्दांना शोभत होता.

परत येताना दोघी पायी चालत होत्या. भिंगरी म्हणाली, "तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं. मग मला तपासनिसांना ते सांगावं लागलं असतं."

"तू खोटं बोलणार होतीस."

"हो."

"तुला येत नाही."

"तीन आठवडे आरशासमोर उभी राहत होते," आई म्हणाली. "आरसासुद्धा हसला." मग ती थांबली, रस्त्यातच खाली बसली आणि तिनं भिंगरीचे खांदे धरले. "एक ऐक. कॅन तू उचललास, पण तो उचलण्याजोगा मी ठेवला होता. सहा वर्षं मी ती चूक ओळीनं मांडून ठेवत होते. हे ओझं तू एकटीनं उचलायचं नाही. कळलं?"

घरी पोचल्यावर आईनं बैठकीतली काचेची चौकट उतरवली. परवाना हंगामभरासाठी खात्यात जमा करायचा होता. भिंतीवर एक फिका चौकोन राहिला. दाराआडचा खिळा तिनं पक्कडीनं उपटला आणि किल्ली दोऱ्यात ओवून स्वतःच्या गळ्यात घातली. मग पत्र्याच्या खोलीतून ठकठक ऐकू येऊ लागली. बुधवार होता.

भिंगरी अंगणात उभी होती. कुंपणापलीकडे मधवाले आजोबा स्टुलावर बसले होते. न्यायालयातून ते मागे न बघता पुतण्याच्या गाडीवरून निघून आले होते. नवी थाळी मांडली होती, खडेही होते, पण ती कोरडी होती. मागच्या पाच पेट्यांतल्या काही माश्या खड्यांवर उतरत, सोंड फिरवत आणि उडून जात. आजोबांनी काठी घेतली, उठायचा प्रयत्न केला, गुडघा वळेना म्हणून पुन्हा बसले.

भिंगरी स्वयंपाकघरात गेली. ज्या तांब्यातून ती रोज पाणी प्यायची, तो तिनं पिण्याच्या पाण्यानं काठोकाठ भरला, दोन्ही हातांत धरला आणि एकेक पाऊल जपून टाकत कुंपणाला वळसा घालून गेली. थाळीपाशी ती थांबली. आजोबा बघत होते. तिनं तांब्या वर उचलला, आधी स्वतः एक मोठा घोट घेतला, गिळला, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग उरलेलं पाणी खड्यांच्या मधोमध, बारीक धारेनं, ओतायला लागली.